काकांनी पाहिले नाही

आज संध्याकाळी काकांच्या गॅरेजात एका रोटरी इंजिनाच्या मागच्या रोटरची तिन्ही एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या खाचांत बसणाऱ्या पट्ट्या, माझ्या हातून बसवून झाली आणि काकांनी ती पाहिली नाहीत. घडले ते एवढेच. पण जेवणे झाली, ओटा आवरला, उद्याच्या डब्याची भाजीसुद्धा निवडून ठेवली, तरी ते मनातून जात नाही. काल पुढच्या रोटरच्या वेळी त्यांनी चष्मा कपाळावर सारून, बॅटरी अगदी जवळ धरून, प्रत्येक सील स्वतः दाबून पाहिले होते आणि शेवटी नेहमीसारखे ‘हं’ म्हटले होते. आज मी विचारले, “काका, बघता का?” तर ते म्हणाले, “तू बसवलीस ना? मग झालं. चल, धर त्या बाजूनं.” आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी आपल्या बाजूने मागचे हाउसिंग उचललेसुद्धा.

आमचे गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरांच्या माझ्दा आरएक्स-७ गाडीचे १३बी इंजिन पावसाळ्याच्या आधीपासून नऱ्ह्याच्या गॅरेजात उघडून ठेवलेले आहे. या इंजिनात पिस्टनऐवजी हाउसिंगच्या, म्हणजे आवरणाच्या, आत तीन टोकांचा रोटर फिरतो. इतके दिवस त्याची मापेच घेतली जात होती. पुढचे साइड हाउसिंग तळाशी, त्यावर पुढचा रोटर आणि त्याचे हाउसिंग, मग रोटर ज्याला फिरवतात तो एक्सेन्ट्रिक शाफ्ट, मग मधले हाउसिंग, आणि त्यावर मागचा रोटर, अशी हे इंजिन उभे करताना एकावर एक चळत रचावी लागते. रोटरला तीन टोके, म्हणून तीन एपेक्स सील. टोकांशी दोन्ही बाजूंना मिळून सहा कॉर्नर सील, आणि कडांनी सहा साइड सील. साइड सील आणि कॉर्नर सील यांच्यामधली फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या आत बसली पाहिजे, म्हणून प्रत्येक पट्टीचे टोक थोडे घासायचे, बसवून पाहायचे, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालायचे आणि पुन्हा काढून थोडे घासायचे, हे काम मी गेले कित्येक शनिवार करत आले आहे. मला ते मनापासून आवडते. त्यात घाई करून चालत नाही आणि कोणाची मर्जीही सांभाळावी लागत नाही.

आजचे काम त्याहून नाजूक होते. एपेक्स सील जवळजवळ ८० मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड आणि नवे असताना ८ मिलिमीटर उंच असते. आमच्या संचातले प्रत्येक सील दोन तुकड्यांचे आहे, एक लांब पट्टी आणि तिच्या एका टोकाशी बसणारा छोटासा त्रिकोणी तुकडा. वरचे हाउसिंग खाली उतरताना हा तुकडा जागचा हलू नये म्हणून व्हॅसलीनचा हात लागण्याआधीच तो फेव्हिक्विकच्या एका ठिपक्याने पट्टीला चिकटवावा लागतो. इंजिन पहिल्यांदा नीट तापले की तो ठिपका जळून जातो आणि दोन्ही तुकडे मोकळे होतात. मी खाच धुऊन, हवा मारून कोरडी केली, व्हॅसलीन लावले आणि पट्टी वरून खाचेत सोडली. ती आपल्याच वजनाने, कुठेही न अडखळता, तळापर्यंत गेली. मग चिमट्याने तिच्यामागे आधी लांब आणि नंतर आखूड स्प्रिंग सारली, आणि लाकडी काडीने सील आत लोटून पाहिले, तर काडी काढताच ते हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या मुलाम्याला पुन्हा टेकले. तिन्ही टोकांना हेच झाले. कॉर्नर सीलवर बोट ठेवले की ती पेटीच्या पट्टीसारखी खाली जात होती आणि बोट उचलताच वर येत होती. हे सगळे काकांनी पाहावे, असे मला वाटत होते.

यात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो, आणि त्या एका फेऱ्यात तिन्ही सीलना हाउसिंगच्या सगळ्या वळणांवर, कधी सरळ तर कधी कलते होऊन, टेकून राहावे लागते. स्प्रिंगचे काम मुख्यतः सुरुवातीचे. इंजिन चालू झाले की जळलेल्या वायूचा दाब सीलच्या मागे शिरतो आणि तोच त्याला हाउसिंगवर दाबून धरतो. रोटर आणि हाउसिंग यांच्यामधले शेजारशेजारचे दोन कप्पे एकच सील वेगळे राखते, म्हणून एक सील गेले की दोन कप्प्यांचे कॉम्प्रेशन जाते. डॉक्टरांच्या गाडीत हेच झाले होते. डिटोनेशनने, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याने, सीलचे टोक तुटले, तो तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडे काढत एक्झॉस्टमधून बाहेर पडला आणि जाता जाता टर्बोची पातीही मोडून गेला. शिवाय वरचे हाउसिंग एकदा बसले की आतले काही दिसत नाही, आणि शंका आलीच तर सगळी चळत पुन्हा उतरवावी लागते. म्हणजे पाहायचे असेल तर ते तेव्हाच, त्या अर्ध्या मिनिटात पाहायला हवे होते.

मी कारणे शोधते आहे. हाउसिंगवर सीलंट लावून झाले होते आणि ते सुकायच्या आत चळत आवळायची असते, हे खरे; पण सीलंट कालही लावलेले होतेच. दिवसभर उभे राहून ते दमले असतील. डोळ्यांचे दिवाळीनंतर पाहायचे ठरले आहे, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. जागेच्या मालकांचा दुपारी पुन्हा फोन आला होता, आणि त्यानंतर काका बराच वेळ बोलले नव्हते, पण तो विषय वेगळा. आईला सांगितले तर ती म्हणाली, “अगं, विश्वास टाकला त्यांनी तुझ्यावर. आनंद मानायचा सोडून काय घेऊन बसलीस?” तिचे म्हणणे बरोबर असेल. पण मला त्या वेळी तो विश्वास जाणवला नाही. मला एकटे पडल्यासारखे वाटले, आणि हे लिहितानाही तसेच वाटते आहे.

भोसरीला कामावर माझा सगळा दिवस दुसऱ्यांची मापे तपासण्यात जातो. तिथे प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या होतात, एक मोजणाऱ्याची आणि एक पाहणाऱ्याची, आणि ती दुसरी सही झाल्याशिवाय कोणताही भाग माझ्या टेबलावरून हलत नाही. मला ती पद्धत जाचक कधीच वाटली नाही; उलट तिचा आधारच वाटतो. घरी आल्यावर मात्र बिले, आईची औषधे, सोसायटीची पत्रे, दाराची कडी, सगळे मीच पाहायचे आणि मी पाहिलेले कोणी पाहायचे नाही. बाबा गेल्यावर तर तसेच झाले. माझे काम हातात घेऊन, उजेडात धरून पाहणारे एकच माणूस उरले होते, आणि आज त्यानेही मान वळवली. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. ते काकांवर अन्याय करणारे आहे, हे मला दिसते आहे, तरी खोडावेसे वाटत नाही.

या सीलची गोष्ट मला काकांनीच पहिल्यांदा सांगितली होती, मी शाळेत असताना. डॉक्टरांची गाडी बनवणारी माझ्दा कंपनी पूर्वी तोयो कोग्यो नावाने ओळखली जात असे. १९६१ मध्ये त्यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून वांकेल इंजिनाचा, म्हणजे याच रोटरी इंजिनाचा, परवाना घेतला, आणि हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट त्या कामाला लागला. इंजिन काही तास चालवले की हाउसिंगच्या क्रोमवर लाटांसारखे ओरखडे उठायचे; ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव त्यांनी त्याला दिले होते. ज्यांच्याकडून परवाना घेतला त्यांच्याकडेही त्यावर इलाज नव्हता. सील हाउसिंगवर घासताना स्वतःच्या लयीत थरथरते आणि त्यातून हे ओरखडे उठतात, हे त्यांनी चालवून, उघडून, पुन्हा चालवून शोधून काढले. सीलच्या आत आडवी-उभी पोकळी काढून ती थरथर बदलते का ते पाहिले, आणि शेवटी अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील करून १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. पुढे कास्ट आयर्नची सील आली, आणि आमच्या संचातलीही तीच आहेत. लहानपणी मला या गोष्टीत ओरखडे आणि सैतान आवडायचे. आज मात्र दुसरेच दिसते आहे. त्या लोकांनी कार्बनचे सील पहिल्यांदा खाचेत सरकवले तेव्हा ‘हं’ म्हणायला तिथे कोण होते? ज्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळते, असा कोणी जगात नव्हताच.

मग मी डोळे मिटून आजची तिन्ही टोके पुन्हा आठवून पाहिली. कोणत्या सीलबद्दल मला शंका आहे? एकाही नाही. पट्टी खाचेत उतरतानाची हालचाल, स्प्रिंगचा जोर, त्रिकोणी तुकड्याची कड पट्टीच्या कडेला बरोबर मिळालेली, सगळे मला जसेच्या तसे आठवते. काकांच्या वहीत सहाही सीलची मापे आहेत, त्यांनीच मायक्रोमीटरने घेतलेली आणि त्यांच्याच तिरप्या अक्षरात लिहिलेली. खाचाही त्यांनीच गेजने तपासल्या होत्या. तपासायचे ते तपासूनच त्यांनी काम माझ्या हातात दिले होते. तेव्हा सील चुकले असेल ही भीती मला नाहीच. मला ते ‘हं’ हवे होते. एवढ्या वयात एका हुंकारासाठी इतके अडून बसावे, याचे वाईट वाटते, पण ते खरे आहे आणि लिहिल्यावर थोडे हलकेही वाटते आहे.

आणि काकांचे काम कोण पाहते? त्यांनी केलेले काम दुसऱ्या कोणी बॅटरी घेऊन पाहिल्याचे मला आठवत नाही. बाबा पाहत असत, असे आई म्हणते. त्यानंतर इतकी वर्षे काकांनी वर कोणी नसताना इंजिने बंद केली, आवळली, चालवली आणि गिऱ्हाइकाच्या हवाली केली. ते कसे निभावले, हे मी त्यांना कधी विचारले नाही. उद्याही विचारणार नाही; विचारले तर ते पान्यांचा डबा आवरायला घेतील. आज त्यांनी पाहिले नाही, म्हणजे यापुढेही बहुधा पाहणार नाहीत, असे धरून चालले पाहिजे. मला ते आवडलेले नाही. पण जमेल.

उद्या कामावरून परस्पर नऱ्ह्याला जायचे आहे. सगळी चळत बांधून ठेवणारे टेन्शन बोल्ट आज सारखे बसवून बेताचे आवळून घेतले आहेत. आता क्रमाने, टप्प्याटप्प्याने पूर्ण टॉर्कला आणायचे. मग शाफ्ट हाताने फिरवायचा आणि प्रत्येक रोटरच्या तीन कप्प्यांचे तीन सारखे फुस्कारे येतात का ते ऐकायचे. खरे कॉम्प्रेशन गाडीत बसवल्यावर, स्टार्टरवर २५० आरपीएमच्या आसपास मोजायचे. वहीत मागच्या रोटरच्या पानावर साइड सीलच्या फटी लिहायच्या राहिल्या आहेत, त्या मी माझ्या अक्षरात लिहीन. विशू पुढच्या महिन्यापासून शनिवारी काम शिकायला येतो म्हणतो आहे. त्याला सुरुवातीला कॉर्नर सीलच द्यायची, आणि तो किती का चांगली बसवेना, मी ती प्रत्येक वेळी दाबून पाहणार आहे आणि ‘हं’ म्हणणार आहे, त्याला ऐकू जाईल असे.