काच बदलली, पण कॅमेऱ्याचं काय?

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर बसला आणि दुपारपर्यंत चीर पार ड्रायव्हरच्या नजरेसमोर आली. काच बदलणं भागच होतं. साध्या गाडीत ते सोपं काम. आमच्या लक्झरी सेदानमध्ये मात्र आतल्या आरशामागे, काचेलगत कॅमेरा बसवलेला आहे. लेन सुटायला लागली की स्टिअरिंग सावरणं, समोर माणूस आला की आपोआप ब्रेक लावणं, हे सगळं त्याच्या नजरेवर चालतं.

म्हणून अंदाजपत्रकात कॅलिब्रेशन, म्हणजे काच बदलल्यावर कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी लावून घेणं, वेगळ्या ओळीत लिहून घेतलं. काचही नीट बघून घेतली. हेड-अप डिस्प्लेच्या, म्हणजे वेगाचे आकडे समोरच्या काचेवरच दाखवणाऱ्या गाडीत काचेच्या दोन थरांमधला प्लास्टिकचा पडदा पाचरीसारखा असतो, एका टोकाला किंचित जाड. साधी काच लावली तर वेगाचे आकडे दुहेरी दिसतात.

बसवताना युरेथेनचं चिकटद्रव्य लागतं, ते घट्ट व्हायला वेळ द्यावाच लागतो. शेजारच्या सीटची एअरबॅग बहुतेक गाड्यांत उघडताना याच काचेचा आधार घेते. काच निसटली तर एअरबॅगही जागेवर राहत नाही. मी घाई केली नाही.

खरी ओढाताण पुढे झाली. "डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही, गाडी न्या," असं वर्कशॉपमध्ये मला सांगण्यात आलं. मी नाही म्हटलं. दिवा न पेटणं म्हणजे कॅमेऱ्याची नजर सरळ असणं नव्हे. हिशोब साधा आहे: नजर १ अंशाने आडवी फिरली तर १०० मीटरवर फरक जवळपास पावणेदोन मीटरचा पडतो. म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्यासमोर आहे असं यंत्रणेला वाटू शकतं, किंवा समोरची गाडी नजरेतून सुटू शकते. अशा गाडीत घरच्यांना बसवायला माझा जीव धजला नसता.

शेवटी कॅलिब्रेशन झालं, आणि मी शेजारी उभं राहून पाहिलं. सपाट फरशी, चारी टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी. कारण गाडी मागून दबली की कॅमेरा वर बघतो. मग गाडीचा मध्य मापून समोर ठरावीक अंतरावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा फलक उभा केला, उंचीही मोजली. फलक जरासा तिरका होता तो तंत्रज्ञाने पुन्हा सरळ केला, तेव्हा कुठे मला विश्वास वाटला. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडल्यावर बाकीचं काम लवकर उरकलं.

आमच्या मॉडेलला त्यानंतर रस्त्यावरची फेरीही लागते: पट्टे स्पष्ट असलेला रस्ता आणि एकसारखा वेग. स्क्रीनवर 'पूर्ण' आलं, तेव्हा मी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही स्कॅन रिपोर्ट छापून मागितले. चालू तारीख आणि गाडीचा चॅसिस नंबर दोन्हींवर आहे हे तपासलं आणि मगच बिलावर सही केली.