दुव्यांची नोंदवही, नोंद पाचवी: आडव्या रेघेपाशी तुटलेला पत्ता

नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाणाऱ्यांसाठी मी हौसेने चालवत असलेल्या छोट्या संकेतस्थळाचे, पाणपक्ष्यांच्या यादीचे मुख्य पान बरेच महिने गूगलच्या दुसऱ्या पानावर अडकून होते. मजकुरात कितीही भर घातली तरी ते हलत नव्हते, म्हणून या वेळी मजकुराला हात न लावता फक्त बाहेरून येणाऱ्या दुव्यांकडे पाहायचे ठरवले.

आधी मोजमापाविषयी. थंडीत स्थलांतरित बदके उतरू लागली की शोधणारेच वाढतात, त्यामुळे सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ गूगलवर कसे दिसते ते दाखवणारे गूगलचेच साधन) क्लिकचा आलेख वर चढला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नसतो. मी ‘नांदूर मध्यमेश्वर पक्षी’ या एकाच शोधाचे सरासरी स्थान नोंदवतो. ऑगस्टअखेर ते १४ होते.

सप्टेंबरमध्ये सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कुठल्या पत्त्यावर आले याची नोंद, चाळताना दिसले की काही वाचक ‘नांदूर-’ अशा अर्धवट पत्त्यावर येतात आणि ४०४ चे, म्हणजे ‘पान सापडले नाही’ एवढेच सांगणारे, कोरे पान पाहून परत जातात. देवनागरी पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा त्यातील प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व पुढे दोन अंक वा अक्षरे असा लिहिला जातो. काना, मात्रा, अनुस्वार धरून ‘नांदूर-मध्यमेश्वर’ मध्ये १६ चिन्हे आहेत. म्हणजे मधल्या रेघेसह तब्बल १४५ खुणांची आगगाडी! निफाड तालुक्यातील एका शाळेच्या पर्यावरणविषयक पानावर आमच्या यादीचा दुवा होता, पण चिकटवताना ही आगगाडी नेमकी त्या आडव्या रेघेपाशी तुटली होती. लॉगमध्ये ‘कुठून आले’ या रकान्यात केवळ संकेतस्थळाचे नाव असल्यामुळे ते पान हुडकायला एक अख्खी संध्याकाळ गेली. चूक शाळेची नव्हे. इतका लांब पत्ता ठेवणाऱ्या माझी.

तुटक्या पत्त्यावरून पूर्ण पत्त्याकडे ३०१ चे कायमस्वरूपी वळण लावले. अशा वळणात दुव्याचे वजन, म्हणजे शोधक्रमात त्याला मिळणारे महत्त्व, घटत नाही, असे गूगलकडून २०१६ मध्ये स्पष्ट करण्यात आले होते. शाळेतील सरांना ईमेलही केला. त्यांनी दुवा दुरुस्त केलाच, शिवाय ‘येथे क्लिक करा’ हे शब्द काढून ‘नांदूर मध्यमेश्वरच्या पाणपक्ष्यांची यादी’ असे लिहिले. दुव्यावरचे शब्द हे समोरच्या पानाचे वर्णन मानण्याची पद्धत गूगलमध्ये अगदी सुरुवातीपासून आहे, त्यामुळे हा बदल मला दुव्याइतकाच मोलाचा वाटतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर स्थान ९ झाले. एका पानावरून सिद्धांत मांडू नये हे मान्य. पण गंगापूर धरणाच्या पक्ष्यांचे पान, ज्याकडे बाहेरचा एकही दुवा नाही, ते त्याच काळात जागचे हलले नाही.

एका शाळेच्या दुव्याने इतका फरक का पडावा, याचे उत्तर लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकमध्ये, म्हणजे दुव्यांवरून पानाचे महत्त्व मोजणाऱ्या पद्धतीत, अंशतः सापडते. त्या गणितात पानाचे वजन त्यावरील सर्व दुव्यांत समान वाटले जाते आणि पुढे सरकताना ०.८५ ने गुणले जाते. शाळेच्या पानावर बाहेर जाणारे दुवे चारच आहेत. उलट दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ज्या निर्देशिकांमध्ये (संकेतस्थळांच्या याद्या देणारी पाने) संकेतस्थळाची नावनोंदणी करत सुटलो होतो, तिथे एकेका पानावर शेकडो दुवे दाटीवाटीने बसलेले असतात. आजची क्रमवारी इतर अनेक निकषांवरही ठरते, पण वाट्याचे हे तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मध्यंतरी ‘पाचशे बॅकलिंक (बाहेरून येणारे दुवे), पैसे नंतर द्या’ असा एक फोन आला होता. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर अशा विकतच्या दुव्यांमुळे संकेतस्थळे खाली ढकलली जात. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन बहुतांशी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणजे पैसे गोदावरीत सोडल्यासारखेच.

विकिपीडियावरील लेखात संदर्भ म्हणून आमचे पान आल्याचा आनंद मात्र जरा आवरता घेतला, कारण तेथील बाहेरचे दुवे २००७ पासून नोफॉलो असतात, म्हणजे ‘या दुव्याला वजन देऊ नका’ अशी खूण त्यांवर असते. २०१९ पासून गूगल नोफॉलोला आदेश न मानता सूचना मानतो, एवढीच आशा. तिथून येणारे वाचक पान शेवटपर्यंत वाचतात, ते मला पुरेसे आहे.

नव्या पानांचे पत्ते आता आखूड रोमन लिपीत ठेवतो. मराठीच्या अभिमानाला थोडी मुरड पडते खरी. ‘नांदूर-’ वर अजूनही अधूनमधून कुणी येते, बहुधा तुटका दुवा एखाद्या व्हॉट्सॲप गटात फिरत असावा. ते वळण काढायचे नाही, असे ठरवले आहे.