फ्रिजमधलं ते इंजेक्शन

धाकट्या बहिणीला तिसरा महिना चालू होता तेव्हा नेहमीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि रिपोर्टमध्ये एका ओळीपुढे ऑस्ट्रेलिया अँटीजेन पॉझिटिव्ह असं छापून आलं. आम्हाला वाटलं काहीतरी भलतंच आहे, नंतर कळलं की ही हेपॅटायटिस बी या लिव्हरच्या व्हायरसचीच टेस्ट, ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं म्हणून जुनं नाव अजून चालतं. तिला तर काहीच होत नव्हतं, डोळे पांढरेशुभ्र, जेवण व्यवस्थित. तिच्या सासूबाई म्हणाल्या कावीळ आहे ना, मग माळ घालून उतरवून घेऊ. त्यांचा जीव होता तिच्यावर, पण हा व्हायरस माळेने उतरत नाही, आणि खरी काळजी तिची नव्हतीच, पोटातल्या बाळाची होती.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं. भावजी निगेटिव्ह, त्यांना लस सुरू केली. मी निगेटिव्ह. आई पॉझिटिव्ह. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, कणकेचे हात तसेच, आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं का गं तिला?" मी काय सांगणार. झालं असेलही, पण त्यात तिचा काय दोष, तेव्हा आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नव्हतीच, ती देशभर २०११ पासून मिळायला लागली.

बाळंतपणात आईच्या रक्तातून तान्ह्या बाळाला हे इन्फेक्शन झालं तर १०० पैकी जवळपास ९० बाळांच्या शरीरात ते कायमचं राहतं आणि पुढे लिव्हर खराब होण्याची, लिव्हरच्या कॅन्सरची भीती असते, मोठ्या माणसाला लागलं तर मात्र बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. म्हणून सगळा जोर बाळंतपणाच्या वेळेवर. बहिणीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, २ लाखांच्या बराच वर निघाला म्हणून २८व्या आठवड्यापासून तिला टेनोफोविर या व्हायरस दाबणाऱ्या औषधाची रोज एक गोळी सुरू झाली.

आठव्या महिन्यात, जिथे नाव घातलं होतं तिथे सांगितलं की असल्या पेशंटची डिलिव्हरी आम्ही करत नाही, दुसरीकडे बघा. फाइलवर लाल पेनाने मोठ्ठं पॉझिटिव्ह लिहिलेलं, बाहेर बसलेल्या बायकांना दिसेल असं. ती घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. मला आजही त्याचा राग येतो, कारण हातमोजे आणि नीट काळजी तर प्रत्येक पेशंटला घ्यायचीच असते.

दुसऱ्या दवाखान्यातल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, या कारणासाठी सिझर करायची गरज नाही, अंगावर पाजायलाही हरकत नाही, फक्त बाळाला जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं मिळाली पाहिजेत, एक लस आणि एक इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडीज. लस २४ तासांच्या आत कुठल्याही बाळाला द्यायचीच असते, पण आई पॉझिटिव्ह असेल तर दोन्ही १२ तासांच्या आत. ते दुसरं महाग असतं आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, तेव्हा आधीच आणून ठेवा.

मी तीन मेडिकल पालथी घातली, तिसऱ्याने ऑर्डर देऊन मागवलं. त्याने ते कागदात गुंडाळून आइसपॅकवर ठेवलं आणि बजावलं, बर्फाला थेट लागू देऊ नका, गोठलं की वाया गेलं, फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. आठ दिवस ते आमच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात दुधाच्या पातेल्यामागे होतं आणि लाइट गेली की माझ्या पोटात गोळा यायचा.

कळा नेमक्या शनिवारी रात्री सुरू झाल्या आणि रविवारी पहाटे पावणेचारला मुलगी झाली. रविवारी पहाटे कुठलं मेडिकल उघडं असतं, सांगा. सिस्टरनी बाळाच्या अंगावरचं रक्त नीट पुसलं, मग एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत ते इंजेक्शन, पाच वाजायच्या आत दोन्ही झालं, आणि मी कार्डावर तारखेसोबत वेळही लिहून घेतली. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्र लस, त्यात ही लस असतेच. एक सांगते, बऱ्याच जणी म्हणतात की दीड महिन्याला मिळणारच आहे ना, मग जन्मल्यावर कशाला, पण बाळंतपणात रक्तातून जे जायचं ते तेव्हाच जातं, दीड महिना थांबून काय उपयोग. ज्यांची टेस्टच झाली नाही त्यांनी तर बाळाच्या कार्डावर बर्थ डोसची, म्हणजे जन्मल्याबरोबर दिलेल्या या लसीची नोंद आहे का ते डिस्चार्जच्या आधी डोळ्यांनी बघा.

मुलगी दहा महिन्यांची झाल्यावर तिचं रक्त तपासलं. व्हायरस निगेटिव्ह, आणि लसीमुळे अँटिबॉडीज चांगल्या तयार झालेल्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा वाच, बाबा बाहेरून आलेत, त्यांना ऐकू दे."