रखमानिनोव्हची १९२९ची तबकडी ऐकताना

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव्हने स्वतःचा दुसरा पियानो कंचेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, १९२९मध्ये वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत ध्वनिमुद्रित केला. जाणकार आजही त्यावर जीव टाकतात, कारण वादन कुठेच रेंगाळत नाही. सुरुवातीचे घंटानादासारखे स्वर वाढत जातात, मग व्हायोलिनं मुख्य धून घेतात आणि पियानो त्यांच्याखालून वाहत राहतो. खरी कमाल तिथेच आहे.

मूळ लाखेची तबकडी मिळालीच तर एलपीची, म्हणजे नंतरच्या विनाइल तबकड्यांची, सुई लावू नका. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या या तबकडीच्या खोबणीला सुमारे ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची २५ मायक्रॉनची सुई तळाशी घासते आणि खरखर वाढते. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण पुरे, आणि मधलं लेबल कोरडंच ठेवा. टिपायला मऊ सुती कापड घ्या, खरखरीत सोलापुरी टॉवेल इथे चालणार नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखाली आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात आणि सूर हेलकावतो. त्या उभ्याच ठेवा.