कांजण्यांची खाज आणि रात्रीची झोप
लेकीला कांजण्या आल्यात आणि तापापेक्षा खाजेनेच पोरगी रडकुंडीला आलीय. झोपेत खाजवते म्हणून नखं बारीक कापली, हातात सुती मोजे घातले, कोमट पाण्याने आंघोळ घालून अंग न घासता नुसतं टिपून घेते आणि मग फोडांवर खाज कमी करणारं कॅलामाइन लोशन लावते, तोंडातल्या फोडांना मात्र ते नाही, तिथे गार, मऊ खाणंच बरं पडतं. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको हां, मुलांच्या मेंदूला आणि लिव्हरला धोका असतो, आयबुप्रोफेनही विचारल्याशिवाय देऊ नका. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा बंद. फोड लाल, गरम होऊन सुजला, मूल सुस्त पडलं किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.