केस गळायला लागले की आधी कॅलेंडर काढा : माझा अनुभव

नोव्हेंबरात मोरीच्या जाळीवर केसांचे पुंजके अडकू लागले. तेल बदललं, शाम्पू बदलला, टँकरच्या पाण्याला दोष देऊन झाला. कारण मात्र ऑगस्टमध्येच होऊन गेलं होतं : डेंग्यूचा ताप. केसांच्या बाबतीत हे समजून घेतलं नाही तर माणूस महिनोन्‌महिने बाटल्या विकत घेत राहतो, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढीत असतात आणि ही वाढ २ ते ६ वर्षं चालते. मग केस दोन-तीन आठवड्यांत मुळाशी आक्रसतो, सुमारे तीन महिने नुसता अडकून बसतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं हे यातच धरलेलं आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्यानं उतरवलेलं वजन, यांपैकी काही झालं की पुष्कळ केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणून पहिलं काम म्हणजे मागचे चार-पाच महिने कागदावर लिहून काढणं : आजार, सुरू किंवा बंद केलेली औषधं, उपास, पाळीच्या तारखा.

याउलट, दोन-चार दिवसांतच केस मुठीत यायला लागले तर तो प्रकार वेगळा. बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात २०२५च्या जानेवारीत गावोगाव तसं झालं. आधी पाण्यावर संशय गेला, पुढे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त निघालं. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांतही सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व असतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी वेष्टणावरच्या मात्रांची बेरीज जरूर करावी. ही दोन्ही जास्त झाली तर त्यांनीच केस गळतात.

दुसरं काम, गळलेला केस नीट बघणं. काळ्या कापडावर ठेवून उजेडात धरला तर टोकाला तांदळाच्या कणीहून बारीक पांढरा ठिपका दिसतो. हा पूर्ण वाढ संपवून गळलेला केस. ठिपका पाहून ‘मूळच उपटून आलं’ म्हणून घाबरायचं कारण नाही. मूळ आत शाबूत असतं. ठिपकाच नसेल आणि टोक फाटलेलं असेल तर केस गळत नाही, तुटतो आहे. तिथे स्ट्रेटनिंग, ब्लीच किंवा ओल्या केसांवर चालवलेली फणी बघावी, रक्त तपासून काही निघणार नाही. गळलेल्या केसांत तीन सेंटिमीटरहून आखूड आणि बारीक केस बरेच दिसले तर आनुवंशिक विरळपणाची शंका घ्यावी. पुरुषांत तो कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यावर दिसतो. बायकांत कपाळाची रेषा टिकते आणि भांग रुंदावत जातो. तापानंतरची गळती आणि आनुवंशिक विरळपणा एकत्रही असतात. तापानंतरच्या गळतीत आधीचा लपलेला विरळपणा एकदम उघडा पडतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आदल्या दिवशी केस धुवू नयेत आणि तेल लावू नये. ते ५०-६० केसांची बट चिमटीत धरून हळू ओढतात; सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं धरतात. आदल्याच दिवशी न्हालं की सैल झालेले केस निघून गेलेले असतात आणि चाचणी खोटी येते.

रक्ताच्या चाचण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), ड जीवनसत्त्व, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील तर हार्मोन्सही. इथे दोन चुका सर्रास होतात. एक, हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून लोह बरं आहे असं मानणं. माझं हिमोग्लोबिन १२.२ होतं आणि फेरिटिन १४. लॅबच्या कागदावर दोन्ही ‘नॉर्मल’, पण केसांसाठी बरेच त्वचारोगतज्ज्ञ फेरिटिन ४०च्या वर हवं म्हणतात. शिवाय तापात किंवा कुठेही सूज असताना फेरिटिन खोटंच वाढतं, म्हणून आजारातून उठल्यावर लगेच तपासू नये. दुसरी चूक बायोटिनची, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची. केसांसाठी सर्रास खाल्ली जाणारी १० मिलिग्रॅमची गोळी थायरॉइडच्या चाचणीचे आकडे बिघडवते. डॉक्टरांना सांगून ती किमान दोन-तीन दिवस आधी बंद करावी.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. आगेमागे तासभर तरी चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तास हवेत. बद्धकोष्ठ झालं किंवा मळमळलं तर गोळी सोडून देऊ नका. डॉक्टर एक दिवसाआड करून देतात. मी तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासलं, त्याआधी तपासण्यात अर्थ नसतो. बाळंतिणीला देतात ते आळीव लोहासाठी चांगलेच, पण फेरिटिन १४ असताना नुसत्या लाडवांवर भागत नाही. प्रथिनांचाही हिशेब करा. ५५ किलो वजनाला रोज ४५ ते ५५ ग्रॅम लागतात, आणि वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात ग्रॅमच असतात.

आनुवंशिक विरळपणा ठरला तरच मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केस वाढवणारं औषध. ड्रॉपरनं १ मिलिलिटर, कोरड्या टाळूवर, केसांवर नाही. पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढते आणि नेमके तेव्हाच लोक सोडतात; फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात. झोपण्याच्या दोन तास आधी लावावं, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून तिथे लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध त्यांना विषारी आहे. विरळपणासाठी पुरुषांना पोटात घ्यायला देतात त्या फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गरोदर बाईनं हाताळू नये, आणि प्रोस्टेटची पीएसए चाचणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण आकडा जवळपास निम्मा येतो.

रुपयाएवढी गुळगुळीत चाई, पू, खपल्या, किंवा छिद्रंच दिसत नाहीत अशी चकचकीत जागा, यांपैकी काही असेल तर घरी वाट बघू नका. व्रण धरलेल्या जागी केस परत येत नाहीत.

ताप किंवा बाळंतपणानंतरची गळती मात्र बहुधा सहा महिन्यांत आवरते. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, तोच भांग पाडून फोटो काढा. आरशावर विसंबू नका. चौथ्या महिन्याच्या सुमारास कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे केस उभे राहिलेले दिसतात. ते महिन्याला एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षं. ते चापून बसवायला घट्ट वेणी किंवा अंबाडा घालू नका. रोजच्या ताणानं नेमके कडेचेच केस जातात आणि ती गळती वेगळीच सुरू होते.