एका कान्याचा फरक

परवा एका वाचक बाईंचा फोन आला, म्हणाल्या, ताई तुमच्या नऊ कादंबऱ्या झाल्या, सगळ्या लव्हस्टोऱ्या, पण एकीतही कुणी कुणाला सरळ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणत नाही, लाजता की काय तुम्ही? मी हसून विषय बदलला, पण मग दुपारभर डोक्यात तेच.

खरं सांगायचं तर पहिल्या कादंबरीत लिहिलं होतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर, संध्याकाळी, भेळ संपल्यावर नायक म्हणतो, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.' लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं आणि मलाच फस्सकन हसू आलं, कारण ते आकाशवाणीवरच्या श्रुतिकेसारखं वाटत होतं, मागे सतार वाजायचीच काय ती बाकी. आता मुलं 'आय लव्ह यू' म्हणून मोकळी होतात. आणि 'तू मला आवडतेस' म्हणावं तर मला भेंडीपण आवडते.

मग आपल्याकडे लोक म्हणतात तरी काय? मला याचं उत्तर चौदाव्या वर्षीच मिळालं होतं, फक्त ते उत्तर आहे हे कळायला पुढची वीस वर्षं गेली.

मिरजेचं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मधे लाकडी पार्टिशन, ते पण वरपर्यंत नाही. आई बाबांना कायम अहो-जाहो करायची, नाव तर उखाण्याशिवाय कधीच घेतलं नाही, फॉर्मवर 'पतीचे नाव' आलं की पेन माझ्या हातात द्यायची. एका रात्री बाबा उशिरापर्यंत कसला तरी हिशोब घेऊन बसले होते, बहुतेक पैशांची काहीतरी ओढाताण होती, मी पलीकडे जागीच. आणि आईचा आवाज आला, अगदी हळू, 'झोप आता.'

झोपा नाही. झोप.

एका कान्याचा फरक, पण मी ताडकन उठून बसले. सकाळी परत 'अहो, चहा निवतोय' चालू. त्या घरात रात्री पार्टिशनपलीकडे एक वेगळी बाई राहते हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी जे काही लिहिते ते त्या एका न दिलेल्या कान्यावर चाललंय असं म्हटलं तरी चालेल.

ही गंमत आपल्या भाषेत फार आहे. तुम्हीवरून तूवर कधी यायचं, कुणी आधी यायचं, चारचौघात परत तुम्हीवर जायचं का, यावरच माझी निम्मी कादंबरी निघते. आणि त्यात 'जा', 'खा', 'गा' अशी काही चोर क्रियापदं आहेत, जी तू ला पण चालतात आणि तुम्ही ला पण. चौथ्या कादंबरीत दोघं एकाच बँकेत, रोज एकच स्लो लोकल. ती ठाण्याला उतरते, तो डोंबिवलीचा. एकशेचाळीस पानं तुम्ही-तुम्ही चाललेलं, आणि एका दिवशी उतरताना ती म्हणते, 'नीट जा.' बस एवढंच. तो बिचारा कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली येईपर्यंत एकच विचार करतोय की हे 'जा' कुठलं होतं. तो चॅप्टर लिहिताना मला जेवढी मजा आली तेवढी कुठल्याच मिठीबिठीच्या सीनला आली नाही.

हे मी शोधलेलं नाही हं. हालाची गाथासप्तशती, सातवाहनांच्या काळातली, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्याच पणजीच्या भाषेत म्हणा ना, सातशेच्या आसपास छोट्या छोट्या गाथा. त्यातल्या एकीत एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय, नजर वर, वाढणारीकडे, आणि बोटं मुद्दाम फाकवलीयेत, पाणी गळून जावं म्हणून. आणि पाणी वाढणारी काय करते, तर आधीच बारीक असलेली धार अजून बारीक करते. संपली गाथा. दोन ओळींत कुणी काही बोललं नाही आणि सगळं बोलून झालं, आणि आम्ही इथे अडीचशे पानं घेतो.

आमच्या धंद्याचे आजोबा म्हणजे ना. सी. फडके. 1931 मध्ये त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कथेचं तंत्र समजावून सांगितलं, आणि त्यांना कितीही नावं ठेवा, वाचकाला पान उलटायला कसं लावायचं हे त्यांच्याकडूनच शिकावं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या काळच्या कादंबऱ्या वाचताना मला कायम वाटायचं की या लोकांना घरी कुणी आडनाव विचारत नाही का? माझ्या तिसऱ्या कादंबरीत मी नायकाला मुद्दाम आडनावच दिलं नाही, म्हटलं बघू. छापून आल्यावर तीन आठवड्यांत दोन पत्रं आणि एक फोन, कादंबरी छान आहे, पण मुलगा कुठला, आडनाव काय? तेव्हा मी जी गप्प झाले ती झालेच. ज्या अडथळ्याशिवाय मला गोष्ट लिहून बघायची होती तो वाचकांनी घरपोच आणून दिला. पुढच्या कादंबरीत आडनाव पहिल्याच पानावर टाकलं, आणि अडथळाही.

आणि या असल्या पुस्तकांना लोक किती हसतात! आई दुपारी लायब्ररीची कादंबरी वाचायची ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून. तिला वाटायचं कुणाला कळत नाही, सगळ्या गल्लीला कळायचं, कारण गल्लीतल्या बाकीच्या बायकापण तीच कव्हरं घालायच्या. आपल्याकडे तर गोष्ट थेट सुप्रीम कोर्टात गेलीये. चंद्रकांत काकोडकरांची 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली एक कथा, अश्लील म्हणून खटला, खालच्या कोर्टात सुटका, हायकोर्टात शिक्षा आणि शेवटी 1969 मध्ये सुप्रीम कोर्टात निर्दोष. मला नेहमी गंमत वाटते, ज्या मासिकाला लोक वाण्याच्या पुडीचा कागद समजायचे त्यातली एक गोष्ट देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने बसून नीट वाचली. असा वाचक मिळायला नशीब लागतं (आणि वकील).

पण माझे सगळ्यात आवडते वाचक म्हणजे लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिणारे. आमच्या मिरजेच्या लायब्ररीतली पुस्तकं म्हणजे जाड पुठ्ठ्याचं बायंडिंग, उघडलं की चिकटपट्टीचा वास, मागे तारखांचा चिकटवलेला कागद आणि समासात अनोळखी लोकांची भांडणं. पहिल्याच पानावर 'भिकार'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'मग वाचलंत कशाला?' एकाने तर चाळिसाव्या पानावर 'शेवटी तो मरतो' लिहून आमचं वाटोळं केलं होतं, आणि खाली कुणीतरी बॉलपेनने 'मेल्या' एवढंच. एकीकडे नायिका खिडकीत उभी राहून पत्राची वाट बघतेय आणि समासात बारीक, तिरक्या अक्षरात 'असंच असतं'. ती बाई कोण, कुणाच्या पत्राची वाट बघत होती, मला अजून वाटतं की तिच्यासाठी लिहावं. समीक्षक वगैरे ठीक आहे, मला 'असंच असतं' पाहिजे.

आई आता अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून परत धडाक्यात वाचायला लागलीये. नववी कादंबरी आली तशी पहिली कॉपी तिला दिली, एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तो सीन आहे, नायिका एकटी घरात, गॅसवर दूध ठेवलेलं, बेल वाजते, दारात तो, तीन वर्षांनी. मग सात पानं दोघं उंबऱ्यात उभी आणि शेवटी ती 'या'च्या ऐवजी 'ये' म्हणते. त्या 'ये'साठी मी दोन महिने घालवले होते. आईने पंधरा दिवसांनी पुस्तक परत दिलं, काही बोलली नाही, मी पण विचारलं नाही. रात्री सहज उघडलं तर एकशे पन्नासाव्या पानावर, 'ये'च्या बरोबर शेजारी समासात, पेन्सिलीने:

'दूध उतू गेलं असेल.'